श्रद्धेला सक्ती नको म्हणणारा रॉजर विल्यम्स

वाचकहो, आपल्या धर्मासाठी लढलेले लोक जगात पुष्कळ झाले. धर्मासाठी प्राण देणारेही थोडे झाले नाहीत. पण ज्याचा धर्म आपल्याला मुळीच पटत नाही, किंबहुना जो आपल्या मते साफ वाट चुकलेला आहे, त्यालाही त्याच्या पद्धतीने देवाची प्रार्थना करू द्या, असे म्हणून स्वतःचे घरदार गमावणारा माणूस विरळाच. असा एक माणूस सतराव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव रॉजर विल्यम्स.

अमेरिका म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना वॉशिंग्टन आणि लिंकन ही नावे चटकन आठवतात. रॉजर विल्यम्स वॉशिंग्टनच्या जन्मापूर्वी सुमारे पन्नास वर्षे वारला. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, मोठा धनिकही नव्हता. तो एक पाद्री होता, आणि तोही नोकरीवरून काढलेला. तरीसुद्धा धर्मसत्ता आणि राजसत्ता यांची फारकत करून चालणारे राज्य प्रत्यक्ष उभारून दाखवण्याचा मान त्याच्याकडे जातो. त्याचे चरित्र आपण सर्वांनी, पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही, एकदा तरी समजून घ्यावे असे आहे.

बालपण आणि शिक्षण

रॉजरचा जन्म १६०३ च्या सुमारास लंडन शहरात झाला. त्याच्या जन्माची चर्चमधील नोंद १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत जळून गेली. वडील जेम्स विल्यम्स कापडाच्या आणि शिवणकामाच्या व्यवसायातले होते. त्यांचे घर स्मिथफील्ड या भागाजवळ होते. स्मिथफील्डला गुरांचा बाजार भरे, आणि याच मैदानात पाखंडी ठरलेल्या माणसांना खांबाला बांधून जिवंत जाळीत. १६१२ साली बार्थोलोम्यू लेगेट नावाच्या माणसाला धर्माविषयीच्या त्याच्या मतांसाठी तेथे जाळण्यात आले. तेव्हा रॉजर आठ-नऊ वर्षांचा होता. घरापासून हाकेच्या अंतरावर असे काही घडल्यावर त्या वयाच्या मुलाच्या मनावर काय परिणाम होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्या काळच्या इंग्लंडची स्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. राजा हाच चर्चचा प्रमुख होता. राजाचा जो पंथ तोच प्रजेचा पंथ, असा कायदा होता. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले. त्याची मुलगी मेरी गादीवर आली, तिने देश पुन्हा कॅथलिक केला आणि सुमारे तीनशे प्रोटेस्टंटांना जाळले. तिच्यानंतर एलिझाबेथ आली आणि देश पुन्हा प्रोटेस्टंट झाला. पंचवीस-तीस वर्षांत एका देशाचा धर्म असा राजाज्ञेने तीन-चार वेळा बदलला. जे काल पुण्य होते ते आज गुन्हा ठरू लागले.

रॉजर हुशार होता. लघुलेखनाची कला त्याने लहानपणीच आत्मसात केली होती. चर्चमधील प्रवचने आणि न्यायालयातील भाषणे तो भराभर टिपून घेई. त्याचे हे कसब सर एडवर्ड कोक या इंग्लंडच्या थोर कायदेपंडिताच्या नजरेस आले. राजासुद्धा कायद्याच्या वर नाही, असे ठामपणे मांडणारे न्यायमूर्ती ते हेच. कोक यांनी या मुलाला आपल्या पंखाखाली घेतले. १६२१ साली त्यांच्याच शब्दावर रॉजरला चार्टरहाउस शाळेत प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजातून तो १६२७ साली बी. ए. झाला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, डच अशा अनेक भाषा त्याने शिकून घेतल्या. विद्यार्थी मित्रहो, हाती असलेली एखादी साधी कलासुद्धा मन लावून जोपासली तर ती कोणते दार उघडील याचा नेम नसतो.

शिक्षण संपल्यावर तो एसेक्समधील एका सरदाराच्या घरी धर्मोपदेशक म्हणून राहिला. तेथेच १६२९ च्या डिसेंबरात मेरी बर्नार्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्या दिवसांत राजा पहिला चार्ल्स आणि त्याचे बिशप प्युरिटन पंथाच्या लोकांच्या मागे हात धुऊन लागले होते. चर्चमधील थाटमाट काढून टाकून धर्म शुद्ध करावा, असे म्हणणारा हा पंथ. छळाला कंटाळून हजारो प्युरिटन अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेकडे निघाले. रॉजर आणि मेरी हेही डिसेंबर १६३० मध्ये लायन नावाच्या जहाजाने निघाले आणि फेब्रुवारी १६३१ मध्ये बोस्टनजवळ उतरले.

छळ सोसलेल्यांचे राज्य

वाचकहो, येथे एक गोष्ट नीट पाहा. इंग्लंडात ज्यांचा छळ झाला, त्यांचेच मॅसॅच्युसेट्स वसाहतीत राज्य होते. ज्यांनी स्वतः सोसले ते दुसऱ्यांना मोकळीक देतील असे आपल्याला वाटेल. घडले उलटेच. चर्चला हजर राहणे सर्वांना सक्तीचे झाले. मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना मिळाला. वेगळे मत मांडणाऱ्यांना दंड, फटके किंवा हद्दपारी. त्यांना हवे होते ते स्वतःच्या धर्माचे स्वातंत्र्य. सर्वांच्या धर्माचे नव्हे. या दोहोंत किती मोठे अंतर आहे, ते रॉजर विल्यम्सने ओळखले.

बोस्टनला पोचताच तेथील चर्चने त्याला मानाची जागा देऊ केली. तरुण माणूस, नवा देश, सोबत नवपरिणीत पत्नी. दुसरा कोणी असता तर आनंदाने रुजू झाला असता. विल्यम्सने नकार दिला. राजाच्या चर्चशी तुम्ही अजून पुरता संबंध तोडलेला नाही, म्हणून मी तुमच्याकडे येऊ शकत नाही, असे त्याने कळवले. यावरून कळेल की तो धर्माच्या बाबतीत ढिला नव्हता. उलट बोस्टनच्या कडव्या लोकांपेक्षाही कडवा होता. पुढे तो सेलम येथे गेला, तेथून प्लिमथला जाऊन दोनेक वर्षे राहिला आणि १६३३ साली पुन्हा सेलमला परतला.

सेलमच्या चर्चमधून तो जी मते मांडू लागला त्यांनी राज्यकर्त्यांची झोप उडाली. त्यातली तीन मुख्य मते अशी.

पहिले मत जमिनीविषयी होते. ही जमीन येथल्या मूळ रहिवाशांची आहे. ती देण्याचा इंग्लंडच्या राजाला काय अधिकार? त्यांच्याकडून रीतसर विकत घेतल्याशिवाय ती आपली होत नाही, असे तो म्हणे.

दुसरे मत शपथेविषयी होते. सरकारने प्रत्येक रहिवाशाला देवाच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यायला लावण्याचे ठरवले होते. शपथ ही एक प्रकारची उपासना आहे. ज्याची श्रद्धा नाही त्याच्याकडून ती जबरीने घेणे म्हणजे देवाचे नाव वाया घालवणे आहे, असे त्याचे म्हणणे.

तिसरे मत सर्वांत महत्त्वाचे. हजरत मूसांना मिळालेल्या दहा आज्ञांपैकी पहिल्या चार आज्ञा माणूस आणि देव यांच्यातील आहेत. उरलेल्या, म्हणजे खून करू नये, चोरी करू नये वगैरे, माणसामाणसांतील आहेत. सरकारचा हात फक्त या दुसऱ्या भागापर्यंत पोचतो. पहिल्या भागात शिक्षा करण्याचा अधिकार कोणाही मॅजिस्ट्रेटला नाही.

हद्दपारी आणि हिवाळा

सरकारने आधी सेलमच्या गावकऱ्यांना नमवले. मार्बलहेड येथील काही जमीन मिळावी म्हणून सेलमने अर्ज केला होता. विल्यम्सला दूर केल्याशिवाय त्या अर्जाचा विचार होणार नाही, असा स्पष्ट इशारा मिळाला. जमीन की शिक्षक, असा प्रश्न उभा राहिला आणि लोकांनी जमीन निवडली. कालपर्यंत त्याचे प्रवचन ऐकायला गर्दी करणारे गप्प बसले. सत्तेने श्रद्धेला हात घातला की ती नेहमी तलवारच वापरते असे नाही. पुष्कळदा ती मंजुरीचा एक कागद अडवून ठेवते.

ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याच्यावर खटला चालला. मते मागे घेतलीस तर सुटशील, असे त्याला सुचवले गेले. टॉमस हूकर नावाच्या विद्वान पाद्र्याने त्याच्याशी वाद घालून त्याला वळवण्याचा प्रयत्न केला. विल्यम्स वळला नाही. सहा आठवड्यांत वसाहत सोडून जाण्याची शिक्षा झाली. त्याच सुमारास त्याला दुसरी मुलगी झाली. तिचे नाव त्याने फ्रीबॉर्न, म्हणजे स्वतंत्र जन्मलेली, असे ठेवले. तो स्वतः आजारी होता. म्हणून आपली मते पसरवायची नाहीत या अटीवर त्याला वसंत ऋतूपर्यंत राहू देण्यात आले. पण लोक घरी येऊन विचारीत आणि तो बोलत राही. अखेर जानेवारी १६३६ मध्ये त्याला पकडून जहाजाने इंग्लंडला परत पाठवण्याचे ठरले. इंग्लंडात त्याच्यासाठी तुरुंग वाट पाहत होता.

ही बातमी त्याला आधीच कळली, आणि ती कळवली कोणी? वसाहतीचा माजी गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने. विन्थ्रॉपला त्याची मते पटत नव्हती, पण त्याच्या सचोटीविषयी शंका नव्हती. शिपाई दारात आले तेव्हा विल्यम्सला घर सोडून तीन दिवस झाले होते.

न्यू इंग्लंडचा तो हिवाळा कसा असतो हे आपल्याला इकडे बसून समजणे कठीण. सगळीकडे गुडघाभर बर्फ, रस्ता नाही, वस्ती नाही. नुकताच आजारातून उठलेला माणूस बायकामुलांना मागे ठेवून एकटा रानात शिरला. पुढचे चौदा आठवडे त्याने असेच काढले. ख्रिस्ती बांधवांनी त्याला बाहेर काढले आणि ज्यांना ते रानटी म्हणत त्या वाम्पानोआग लोकांनी त्याला आपल्या झोपड्यांत घेतले, आपल्या चुलीपाशी बसवले. त्यांचा प्रमुख मॅसासॉइट त्याचा जुना स्नेही होता. प्लिमथच्या दिवसांत त्यांच्या धुराने भरलेल्या झोपड्यांत राहून विल्यम्सने त्यांची भाषा शिकून घेतली होती. ती मैत्री आणि ती भाषा आता कामी आली.

प्रॉव्हिडन्सची स्थापना

१६३६ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस विल्यम्स आणि त्याचे काही सोबती नॅरागॅन्सेट उपसागराच्या टोकाशी एका झऱ्याजवळ थांबले. कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी या नॅरागॅन्सेट प्रमुखांकडून त्यांना तेथील जमीन मिळाली. राजाच्या कागदावर नव्हे, मालकांच्या संमतीने. परमेश्वराच्या कृपेने आपण वाचलो, म्हणून विल्यम्सने त्या जागेला प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी कृपा, असे नाव दिले. जे जे कोणी आपल्या श्रद्धेपायी संकटात आहेत त्यांच्यासाठी हा आसरा व्हावा, ही त्याची इच्छा होती. स्वतःपुरती थोडी जागा ठेवून उरलेली त्याने सोबत्यांत वाटून दिली.

गावकऱ्यांनी एक करार केला. बहुमताने जे ठरेल ते सर्वांनी पाळायचे, पण केवळ ऐहिक बाबतींत. ही चार शब्दांची मर्यादा दिसायला लहान आहे, पण तिचे वजन फार मोठे. रस्ते, कुंपणे, जमिनीचे तंटे, चोरीमारी हे पंचायतीचे काम. नमस्कार कोणापुढे आणि कसा करायचा, हे ज्याचे त्याने पाहायचे. चर्चसाठी कर नाही, हजेरीची सक्ती नाही, मतदानासाठी धर्माची अट नाही.

या तत्त्वाची परीक्षाही लवकरच झाली. जोशुआ व्हेरिन नावाचा एक रहिवासी आपल्या पत्नीला विल्यम्सच्या घरी होणाऱ्या प्रार्थनेला जाऊ देईना. तिला तो मारहाणही करी. प्रश्न गावसभेपुढे आला. बायकोने नवऱ्याचे ऐकावे हा धर्मच आहे, असे काहींनी मांडले. तरीही १६३८ साली सभेने निर्णय दिला तो पत्नीच्या बाजूने. दुसऱ्याच्या सदसद्विवेकावर बंधन घातल्याबद्दल व्हेरिनचा मतदानाचा हक्क काढून घेण्यात आला. सतराव्या शतकात एका बाईची श्रद्धा ही तिची स्वतःची आहे असे एका गावाने ठरवले, याची नोंद माता-भगिनींनी अवश्य घ्यावी.

त्याच सुमारास विल्यम्सने बाप्तिस्मा नव्याने घेतला आणि अमेरिकेतील पहिल्या बाप्टिस्ट मंडळीच्या स्थापनेत भाग घेतला. काही महिन्यांतच तो तीतूनही बाहेर पडला. खरे चर्च पृथ्वीवर कोठेच उरलेले नाही, असे त्याचे मत झाले. आयुष्यभर तो शोधकच राहिला.

अपकाराची फेड

बोस्टनहून त्याला हाकलून वर्षही झाले नव्हते तोच इंग्रज आणि पिकोट टोळी यांच्यात युद्ध भडकले. नॅरागॅन्सेट लोक पिकोटांना मिळाले असते तर वसाहती पुसल्या गेल्या असत्या. ज्यांनी हद्दपार केले त्यांचीच चिठ्ठी विल्यम्सकडे आली, मध्यस्थी कर म्हणून. तो वादळात एकटा होडीत बसून नॅरागॅन्सेट प्रमुखांकडे गेला. पिकोटांचे वकीलही तेथेच उतरले होते. त्यांच्यासमोर तीन दिवस आणि तीन रात्री राहून त्याने नॅरागॅन्सेटांना इंग्रजांच्या बाजूला ठेवले. बोस्टन वाचले. पण बोस्टनने त्याची हद्दपारी मात्र रद्द केली नाही.

लंडनची वारी आणि जळालेला ग्रंथ

प्रॉव्हिडन्सच्या आसपास आणखी काही गावे वसली. बोस्टनने हाकललेली ॲन हचिन्सन आणि तिचे अनुयायी आले, इतर बंडखोर आले. शेजारच्या वसाहतींना ही गावे डोळ्यांत खुपत होती. त्यांना कायदेशीर आधार हवा म्हणून १६४३ मध्ये विल्यम्स लंडनला निघाला. बोस्टन बंदर त्याला बंद होते. म्हणून डचांच्या न्यू ॲमस्टरडॅमहून, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कहून, त्याने जहाज पकडले. प्रवासात त्याने नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेवर आणि चालीरीतींवर एक पुस्तक लिहिले. ते १६४३ साली लंडनला छापले गेले. मूळ अमेरिकनांच्या भाषेवरील इंग्रजीतले हे पहिलेच महत्त्वाचे पुस्तक होय. या लोकांची पाहुणचाराची रीत अनेक ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपेक्षा सरस आहे, असे त्यात त्याने निःसंकोच दाखवून दिले.

मार्च १६४४ मध्ये पार्लमेंटकडून त्याला वसाहतीची सनद मिळाली. त्याच वर्षी त्याने आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. धर्माच्या नावाने छळ करण्याच्या रक्तरंजित शिकवणुकीविरुद्ध लिहिलेला हा ग्रंथ सत्य आणि शांती या दोघींच्या संवादाच्या रूपात आहे. त्यातील युक्तिवाद थोडक्यात सांगतो.

सक्तीने माणसाला चर्चमध्ये आणता येते, देवाकडे आणता येत नाही. तलवारीच्या धाकाने माणूस ढोंगी होतो, श्रद्धाळू होत नाही. येशू ख्रिस्ताने, म्हणजे आपल्या हजरत ईसांनी, गव्हाच्या शेतातील तणाचा दृष्टांत दिला आहे. तण उपटायला गेलात तर गहूही उपटला जाईल, म्हणून कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यावेत, असा त्याचा आशय. मग निवाडा करणारे आपण कोण? शिवाय एखाद्या शहरात ईस्ट इंडिया कंपनीसारखी व्यापाऱ्यांची मंडळी असते. त्यांच्यात वाद होतील, फूट पडेल, मंडळी मोडेलसुद्धा. पण त्यामुळे शहराची शांतता बिघडत नाही. धर्ममंडळींचेही तसेच आहे. जहाज हाकारणारा नावाडी कोणत्या धर्माचा आहे यावर त्याचे कसब अवलंबून नसते, तसेच राज्य चालवणाऱ्याचेही. म्हणून ज्यू असो, तुर्क असो, कॅथलिक असो की मूर्तिपूजक असो, सर्वांना उपासनेची मोकळीक असावी. वाचकहो, त्या काळच्या इंग्रजीत तुर्क म्हणजे मुसलमान. युरोपात तुर्कांच्या नावाने मुलांना भीती घातली जाण्याच्या त्या दिवसांत त्याने मुसलमानांचे नाव या यादीत स्पष्टपणे घातले.

चर्च ही बाग आणि जग हे रान. दोहोंमध्ये भिंत असलीच पाहिजे, ही त्याची उपमा फार प्रसिद्ध आहे. ध्यानात घ्या, भिंत बांधण्यात त्याचा पहिला हेतू बाग जपण्याचा होता. सरकारचा हात लागला की धर्म नासतो, ही त्याची खरी तळमळ. धर्माला तुच्छ लेखणाऱ्याचा हा विचार नव्हता. धर्मावर जीव असलेल्या माणसाचा होता.

पार्लमेंटने ऑगस्ट १६४४ मध्ये हा ग्रंथ जाहीरपणे जाळण्याचा हुकूम केला. तोवर लेखक सनद घेऊन परतीच्या वाटेला लागला होता. प्रॉव्हिडन्सचे लोक त्याच्या स्वागताला चौदा होड्या घेऊन नदीवर आले आणि मिरवीत त्याला पैलतीरी घेऊन गेले. पुढे १६५१ मध्ये सनदेच्या रक्षणासाठी त्याला पुन्हा लंडनला जावे लागले. खर्चासाठी त्याने आपले व्यापारी ठाणे विकले. या मुक्कामात त्याने महाकवी मिल्टनला डच भाषा शिकवली आणि त्याच्याकडून इतर भाषांचे पाठ घेतले. १२९० साली इंग्लंडातून हाकललेल्या ज्यूंना परत येऊ द्यावे, अशी मागणीही त्याने केली.

जहाजाचा दृष्टांत

१६५४ मध्ये परतल्यावर तो वसाहतीचा अध्यक्ष झाला. आता दुसऱ्या बाजूने अडचण आली. काही लोक म्हणू लागले की श्रद्धा मोकळी, तर कायदाही मोकळा. सरकारच नको, शिक्षाच नको. १६५५ साली गावाला लिहिलेल्या पत्रात विल्यम्सने एका जहाजाचे उदाहरण दिले. एकाच जहाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि तुर्क बसले आहेत. जहाजावरच्या प्रार्थनेला येण्याची कोणावर सक्ती नको आणि स्वतःची प्रार्थना करायला कोणाला बंदी नको. पण जहाज कोणत्या दिशेने न्यायचे ते कप्तान ठरवणार. भाडे सर्वांनी द्यायचे, शिस्त सर्वांनी पाळायची, बंड करणाऱ्याला शिक्षा होणार.

ज्या गावात मशीद तर सोडाच, साधी चर्चची इमारतही तेव्हा उभी नव्हती, त्या गावाच्या कारभाराविषयी लिहिताना त्याने मुसलमानाला सहप्रवासी म्हणून जहाजात बसवले. धर्मस्वातंत्र्य म्हणजे बेबंदशाही नव्हे, आणि कायद्याचे राज्य म्हणजे एकाच धर्माचे राज्य नव्हे, या दोन्ही गोष्टी या एका दृष्टांतात आल्या आहेत. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना याहून सोपे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

न पटणाऱ्यांचे रक्षण

खरी कसोटी लागली ती क्वेकर पंथाच्या आगमनाने. १६५७ मध्ये क्वेकर ऱ्होड आयलंड वसाहतीत येऊ लागले. शेजाऱ्यांनी त्यांना हाकलून देण्याची मागणी केली. वसाहतीने ठाम नकार दिला. बोस्टनमध्ये मात्र १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी देण्यात आली. त्यांत ऱ्होड आयलंडची मेरी डायर हीही होती.

आता गंमत अशी, की विल्यम्सला क्वेकरांची मते अजिबात पसंत नव्हती. १६७२ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्याशी जाहीर वाद घालण्यासाठी तो स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला. अंतर सुमारे तीस मैल. अनेक दिवस वाद चालला. नंतर त्यांच्याविरुद्ध त्याने तिखट शब्दांत पुस्तकही लिहिले. पण त्यांच्यापैकी एकाच्याही केसाला धक्का लावावा असे त्याने म्हटले नाही. वादाला शब्द आणि शब्दाला उत्तर शब्द, एवढेच त्याचे हत्यार. आपल्याला जे आवडतात त्यांना मोकळीक देणे सोपे आहे. सहिष्णुतेचा कस लागतो तो न आवडणाऱ्यांच्या बाबतीत.

१६५८ च्या सुमारास न्यूपोर्टला ज्यू कुटुंबे आली. १६६३ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने वसाहतीला नवी सनद दिली. ती मिळवण्यासाठी जॉन क्लार्क या विल्यम्सच्या सहकाऱ्याने लंडनला बारा वर्षे ठाण मांडले होते. नागरी शांतता न बिघडवणाऱ्या कोणालाही धार्मिक मतभेदाबद्दल त्रास दिला जाणार नाही, अशी हमी तीत राजमुद्रेखाली मिळाली. ही सनद १८४३ पर्यंत लागू होती.

मर्यादा आणि अखेर

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या उणिवा झाकू नयेत. १६७५ मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारले. वसाहतींच्या सैन्याने नॅरागॅन्सेटांवरही हल्ला केला आणि तेही युद्धात ओढले गेले. मार्च १६७६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स जाळले. विल्यम्सचे स्वतःचे घर राख झाले. चाळीस वर्षांची मैत्री त्या ज्वाळांत संपली. युद्धानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठराविक मुदतीच्या दास्यात विकण्याचे काम ज्या समितीने केले तिच्यात विल्यम्सही होता. ज्यांनी त्याला हिवाळ्यात आसरा दिला त्यांच्याच जातभाईंच्या वाट्याला हे आले. श्रद्धेच्या स्वातंत्र्याविषयी एवढा स्वच्छ विचार करणारा माणूसही येथे आपल्या काळाच्या वर उठू शकला नाही.

वसाहतीचेही तसेच. १६५२ मध्ये माणसाला दहा वर्षांहून अधिक काळ गुलाम ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला, पण तो पाळला गेला नाही. पुढे न्यूपोर्ट गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. आणि १७६२ साली त्याच न्यूपोर्टच्या न्यायालयाने ॲरन लोपेझ या ज्यू व्यापाऱ्याला, तो ख्रिस्ती नाही म्हणून, नागरिकत्व नाकारले. संस्थापकाचे तत्त्व भिंतीवर टांगून भागत नाही. प्रत्येक पिढीला त्याचा पहारा करावा लागतो.

१६८३ च्या आरंभी रॉजर विल्यम्सचा अंत झाला. स्वतःच्या घरामागच्या जागेत त्याला पुरले. १८६० मध्ये त्याची कबर उकरली तेव्हा तेथे हाडांऐवजी जवळच्या सफरचंदाच्या झाडाचे एक मूळ, माणसाच्या देहासारख्या आकाराचे, सापडले. ते मूळ प्रॉव्हिडन्समध्ये अजून जपून ठेवले आहे. त्याचे खरे चित्र एकही नाही. आज दिसणारे सर्व पुतळे कल्पनेने घडवलेले आहेत. मॅसॅच्युसेट्सने त्याची हद्दपारी अधिकृतपणे रद्द केली ती १९३६ साली, म्हणजे तीनशे वर्षांनी.

आपल्यासाठी बोध

त्याचा विचार मात्र जमिनीत राहिला नाही. १७९१ मध्ये अमेरिकेच्या संविधानाला पहिली दुरुस्ती जोडली गेली. तिने संसदेला कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापण्यास आणि धर्माचरणावर बंदी घालण्यास मनाई केली. १८०२ मध्ये अध्यक्ष जेफरसन यांनी कनेक्टिकटच्या बाप्टिस्टांना पाठवलेल्या पत्रात चर्च आणि राज्य यांमधील भिंतीची तीच उपमा वापरली.

आपल्या भारतीय संविधानाचे २५ ते २८ हे अनुच्छेद विद्यार्थ्यांनी वाचलेच असतील. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, धर्माचरणाचे स्वातंत्र्य आणि विशिष्ट धर्मासाठी कर देण्याच्या सक्तीपासून मुक्तता हे हक्क त्यांत प्रत्येक नागरिकाला दिलेले आहेत. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि आपल्यासारख्या संस्था त्याच आधारावर उभ्या आहेत. हे हक्क आपल्याला आयते मिळाले, म्हणून त्यांची किंमत कमी नाही. जगात कोठे तरी कोणी तरी त्यांच्यासाठी बर्फातून चाललेला आहे.

पालक बंधु-भगिनींनो, मुलांना आपला धर्म अवश्य शिकवा. पण तो प्रेमाने आणि स्वतःच्या आचरणाने शिकवा. छडीच्या धाकाने पाठ केलेला धडा परीक्षा संपताच विसरला जातो, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. धाकाने शिकवलेल्या भक्तीचेही तेच होते. विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या बाकावरचा मुलगा वेगळ्या रीतीने प्रार्थना करतो. त्याची श्रद्धा तुम्हाला पटली पाहिजे असे मुळीच नाही. तिची कोणी टर उडवली किंवा तिच्यावर जबरदस्ती केली, तर मात्र त्याच्या बाजूने उभे राहा. तुमची श्रद्धा सुरक्षित राहण्याची खात्रीची वाट हीच आहे.